मुंबई ते सिंगापूर: विमानातून उतरल्यापासून खोलीची किल्ली हाती येईपर्यंत

सिंगापूरच्या सहलीचा बेत आखताना युनिव्हर्सल कधी, गार्डन्स बाय द बे कधी, नाइट सफारी कधी यावर घराघरांत बराच खल होतो. पहिल्या दिवसाच्या रकान्यात मात्र ‘आगमन, हॉटेल, विश्रांती’ एवढंच असतं. हे परीक्षण त्या एकाच रकान्याचं आहे: व्हिसा, चांगी विमानतळ, तिथून शहरात नेणारी गाडी किंवा टॅक्सी, आणि हॉटेलात पाय टाकेपर्यंतची व्यवस्था. पाच दिवसांच्या सहलीत पहिला दिवस वाया गेला तर पाचवा हिस्सा गेला, म्हणून तो नीट तपासायला हवा.

मत आधीच सांगायचं तर, पाहुण्याला उतरवून घेण्याची सिंगापूरची व्यवस्था अव्वल आहे. पण ती जवळजवळ सगळी तुम्ही घरून करून आलेल्या तयारीवर चालते. फॉर्म बरोबर भरलेला असेल आणि बँकेच्या कार्डातली योग्य सोय सुरू असेल, तर विमानाच्या दारापासून रस्त्यापर्यंत कुणाशी एक शब्द न बोलता पोचता येतं. काही राहून गेलं असेल तर मात्र ‘साहेब, बघा ना जरा’ म्हणून ते सुटत नाही. आणि या चोख व्यवस्थेत एक मोठं भगदाड आहे, ते म्हणजे सकाळी आठ ते दुपारी तीन. त्याबद्दल पुढे सविस्तर.

व्हिसा आणि आगमन कार्ड

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. पर्यटक स्वतः जाऊन अर्ज देऊ शकत नाही. तो अधिकृत एजंटामार्फत जातो, किंवा तिथे नागरिक अथवा कायम रहिवासी असलेला नातेवाईक ऑनलाइन भरतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंटाची फी वेगळी, म्हणून दर विचारताना दोन्ही आकडे सुटे मागावेत. अर्ज पोचण्याच्या तारखेआधीच्या ३० दिवसांतच करायचा असतो. तिकीट चार महिने आधी काढलं म्हणून व्हिसाही तेव्हाच उरकता येत नाही. कामाचे किमान तीन दिवस लागतात, त्यात अर्ज दिलेला दिवस धरत नाहीत आणि शनिवार-रविवारही नाहीत. निघण्याआधी तीन आठवडे ही वेळ बरी.

अर्ज अडतो तो बहुधा फोटोपायी. ३५ मिलिमीटर रुंद, ४५ मिलिमीटर उंच, पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, गेल्या तीन महिन्यांतला, चकाकी नसलेला कागद. पासपोर्टच्या वेळी काढलेला जुना फोटो चालवून घेतील ही अपेक्षा ठेवू नये. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

नावाचा एक घोळ खास आपल्याकडचा आहे. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. तिकीट काढताना घाईत मधलं नाव गाळलं जातं. मग तिकीट, व्हिसा आणि आगमन कार्ड या तीन ठिकाणी तीन तऱ्हेची नावं होतात. पासपोर्टवर जे आहे ते अक्षर न अक्षर तसंच तिन्हीकडे जायला हवं. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला नसेल तर जुनंच नाव घालावं, घरात कोणत्या नावाने हाक मारतात याला इथे अर्थ नाही.

एसजी अरायव्हल कार्ड ही दुसरी पायरी. हा व्हिसा नव्हे, आणि व्हिसा मिळाला म्हणून हे टळत नाही. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ते ऑनलाइन भरायचं: रविवारी सकाळी उतरणार असाल तर शुक्रवारपासून. लहान मुलांचंही लागतं, सगळ्या कुटुंबाचं एकत्र भरता येतं. इथे तारखेची चूक सर्रास होते. विमान शनिवारी रात्री साडेअकराला मुंबईहून निघतं, म्हणून लोक शनिवार लिहितात, पण उतरण्याची तारीख रविवार असते. हे कार्ड पूर्णपणे मोफत आहे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या काही खासगी साइट त्याचे पैसे घेतात, त्यांच्यापासून सावध राहा. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयसीएची, स्वतःची साइट किंवा ‘मायआयसीए’ हे अ‍ॅप वापरायचं, आणि बँकेच्या कार्डाची माहिती विचारल्याक्षणी पान बंद करायचं.

बॅगेत काय नको

परदेशी निघालेल्या मराठी बॅगेत फराळाचा डबा असतोच. सिंगापूरसाठी त्यातली एक गोष्ट घरीच ठेवावी, ती म्हणजे खसखस. अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिथलं अमली पदार्थविरोधी खातं ते निषिद्ध मालात धरतं. नुसती पुडीच नव्हे, तर अनारसे, खसखस घातलेलं करंजीचं सारण, मसाल्याचं वाटण हेही तपासून पाहा. नातेवाईकांकडे अनारसे न्यायचा मोह होतो, पण ज्या देशात अमली पदार्थांचे कायदे इतके कडक आहेत तिथे हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही. चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू खुशाल न्या. चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांची अडचण नाही, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायच्या नाहीत. त्यातल्या तेलामुळे ते पेटण्याची शक्यता असते, म्हणून चेक-इन सामानातही ते चालत नाही, आणि ही बंदी मुंबईतच आड येते. लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून. हातातल्या बॅगेत ते द्रवपदार्थात मोजलं जातं.

गुटखा, तंबाखूची पुडी, मशेरी: काहीही नाही. चघळायच्या तंबाखूवर सिंगापुरात बंदी आहे. ई-सिगारेट बाळगणं हाच गुन्हा आहे. च्युइंग गमही आणता येत नाही. सिगारेटला तिथे करमाफीची मर्यादाच नाही, एक सिगारेट असली तरी जाहीर करावी लागते. घरातल्या ज्येष्ठांना तंबाखूची सवय असेल तर हा विषय निघण्याच्या आदल्या रात्री काढू नये, महिनाभर आधी काढावा. विमानतळावर जप्तीनंतर होणारी त्यांची घालमेल सगळ्यांचीच सहल बिघडवते.

औषधं मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते. साखर, रक्तदाब, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांना त्रास नाही. गोळ्या सुट्या करून प्लास्टिकच्या डबीत भरायची सवय मात्र या प्रवासापुरती सोडावी.

तिथला प्लग तीन चौकोनी दांड्यांचा असतो, विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. म्हणजे फक्त अडॅप्टर लागतो, ट्रान्सफॉर्मर नाही. चौघांत दोन अडॅप्टर आणि एक आपल्याकडची एक्स्टेन्शन बोर्ड घेतली की सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी लागतात. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत.

निघताना

मुंबईहून सिंगापूर सुमारे साडेपाच तास, आणि तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. रात्री साडेअकराला निघालेलं विमान तिथल्या सकाळी साडेसातच्या सुमारास टेकतं. चढणं, जेवण, दिवे, उतरण्याची घोषणा हे सगळं वजा केलं तर झोप जेमतेम तीन तास. जेवण नको असेल तर बसल्याबरोबर सांगून डोळे मिटावेत, तो एक तास पुढे दिवसभर उपयोगी पडतो.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर तीन तास आधी पोचावं. निर्गमन चौथ्या मजल्यावर आहे. ऑक्टोबर २०२४पासून मेट्रो तीनचं, म्हणजे ॲक्वा लाइनचं, स्थानक या टर्मिनलजवळ सुरू आहे. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकण्यापेक्षा दोन बॅगांसह मेट्रो नक्कीच बरी. मात्र रात्री साडेदहानंतर तिच्यावर विसंबू नये. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा आंतरराष्ट्रीय प्रवासाला चालत नाही, त्यामुळे दारावर पासपोर्ट आणि तिकीट दाखवावंच लागतं. पुण्याहून येणाऱ्यांनी घाटातल्या कोंडीसाठी दोन तास वेगळे धरावेत.

पैशांचं सांगायचं तर, भारतीय रुपये माणशी २५ हजारांपर्यंत बाहेर नेता येतात. खर्च मुख्यतः कार्डाने होतो, कुटुंबामागे शंभर-दीडशे सिंगापूर डॉलर रोख पुरतात. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ विचारलं तर कायम डॉलर निवडावं. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर दुकानदाराच्या बँकेने ठरवलेला आणि जवळजवळ नेहमीच महाग असतो.

आणि निघण्याआधी, घरच्या वायफायवर, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आणि काँटॅक्टलेस वापर या दोन्ही कळा सुरू कराव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे त्या मुळात बंद असतात. काही बँकांत परदेशातल्या काँटॅक्टलेसची तिसरी कळ असते, तीही शोधावी. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, फाटकावर कार्ड नाकारलं जाण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच आहे.

चांगी

विमानतळ म्हणून चांगीची ख्याती खरी आहे. गालिचे, झाडं, स्वच्छ शौचालयं, जागोजागी पिण्याचं पाणी. चालावं मात्र बरंच लागतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी, आयत्या वेळी मागितली तर वाट पाहावी लागते.

इमिग्रेशनला आता परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित फाटकं वापरता येतात. त्यासाठी आधी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी लागत नाही, आगमन कार्ड भरलेलं असलं की पुरे. पासपोर्टचं फोटोचं पान यंत्रावर पालथं ठेवायचं, फाटक उघडलं की आत जाऊन कॅमेऱ्याकडे पाहायचं. चष्मा, टोपी, मास्क काढून. सहा वर्षांखालचं मूल असेल तर कर्मचारी बसलेल्या काउंटरची रांग धरावी. आजी-आजोबांना फाटकातून एकटं आत जायची धास्ती वाटते, त्यांना मध्ये ठेवावं: एक जण पुढे, एक जण मागे.

पासपोर्टवर शिक्का मिळत नाही. त्याऐवजी ई-पास ईमेलवर येतो आणि त्यात किती दिवस राहण्याची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत, बंधनकारक ती ई-पासवरची. म्हणून आगमन कार्डावर ज्या माणसाचा ईमेल फोनवर उघडतो त्याचाच द्यावा. एजंटाचा ईमेल भरलेला असेल तर पास त्याच्याकडे जातो आणि तुम्ही चाचपडत राहता.

इथे एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. टर्मिनल एक, दोन आणि तीनमध्ये उतरलेले आणि निघणारे प्रवासी एकाच भागात वावरतात. म्हणजे इमिग्रेशन ओलांडण्याआधी निघणाऱ्यांसाठीच्या सगळ्या सोयी तुम्हालाही खुल्या असतात: पाय लांब करून पडायच्या मोफत खुर्च्या, मुलांच्या खेळायच्या जागा, बागा. लवकर उतरलात आणि हॉटेल दुपारचं आहे, तर तास-दीड तास इथेच पडून घ्यावं. एकदा इमिग्रेशन ओलांडलं की परत आत येता येत नाही. चेक-इन केलेली बॅग तेवढ्यात पट्ट्यावर फिरत असते, त्यामुळे फार वेळ नको. टर्मिनल चारला ही सोय नाही, तिथे दोन्ही वाटा वेगळ्या आहेत.

ज्वेल पाहायचं म्हणून पहाटेच तिकडे धावणाऱ्यांचा विरस होतो. एप्रिल २०१९मध्ये उघडलेलं हे काचेचं संकुल टर्मिनल एकला लागून आहे आणि त्यातला ४० मीटर उंचीचा धबधबा खरोखर पाहण्यासारखा आहे. पण पाणी पहाटे बंद असतं, ते सुरू होतं सकाळी दहा-अकराला. ज्वेल परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावं.

फोनचं: घरातल्या ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात त्याला भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा आणि तो नंबर चालू ठेवावा. बाकीच्यांना ई-सिम किंवा विमानतळावरचं पर्यटकांचं सिम पुरतं, डेटा भरपूर मिळतो. सिमसाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीय सिम काढून पाकिटात ठेवलं आणि मग कार्डाचा व्यवहार ओटीपीपाशी अडला, असं होऊ देऊ नये.

शहरात जाताना: गाडी, टॅक्सी की ग्रॅब

एमआरटी स्थानक टर्मिनल दोन आणि तीनच्या खाली आहे, टर्मिनल एकहून छोट्या स्कायट्रेनने तिथे येता येतं. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत गाड्या नसतात. विमानतळाहून सुटलेली गाडी थेट शहरात जात नाही, हे लक्षात ठेवायचं. ताना मेराह स्थानकावर उतरून तुआस लिंककडे जाणारी हिरव्या मार्गाची गाडी धरायची. तीच लॅव्हेंडर, बुगिस, सिटी हॉलला नेते. बुगिसपर्यंत बदलासकट ३५ ते ४० मिनिटं, भाडं माणशी दोन ते अडीच डॉलरच्या दरम्यान.

लिटिल इंडियात उतरणाऱ्यांना नकाशा चकवतो. ताना मेराहच्या आधी लागणाऱ्या एक्स्पो स्थानकावर निळ्या डाउनटाउन मार्गाची गाडी मिळते आणि तिच्यावर ‘लिटिल इंडिया’ नाव दिसतं, म्हणून लोक तीच धरतात. पण हा मार्ग जालान बसारनंतर चायनाटाउन, मरीना असा भलामोठा वळसा घालून लिटिल इंडियाला येतो. त्यापेक्षा हिरव्या मार्गाने बुगिसला जावं आणि तिथे निळी गाडी धरावी: रोचोर, मग लिटिल इंडिया, दोनच स्थानकं. तुमचं हॉटेल मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानाच्या बाजूला असेल तर मात्र एक्स्पोहून निळीच बरी, जालान बसारला उतरून चालत जाता येतं.

तिकीट म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्डचं काँटॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवता येतं. परदेशी कार्डाला वापराच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट जास्तीचे लागतात. ईझेड-लिंक कार्ड दहा डॉलरला मिळतं, त्यातले पाच कार्डाचे, परत न मिळणारे, आणि पाच प्रवासाचे. हिशेब सोपा आहे: पाच दिवसांना बँकेच्या कार्डावर जास्तीचे तीन डॉलर, ईझेड-लिंकवर पाच. आठ दिवसांपर्यंत बँकेचं कार्डच स्वस्त. पण एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत, प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं. चौघांकडे चार चालणारी कार्डं नसतील तर उरलेल्यांना ईझेड-लिंक घ्यावं, आणि त्यात तीन डॉलरपेक्षा कमी शिल्लक राहू देऊ नये, फाटक उघडत नाही. बसमध्ये चढताना टेकवलेलं कार्ड उतरतानाही टेकवायचं. विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोफत. त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलाचं मोफत सवलत कार्ड तिकीट कार्यालयात पासपोर्ट दाखवून मिळतं, पण ते कार्यालय चोवीस तास उघडं नसतं.

पर्यटकांचा अमर्याद प्रवासाचा पासही विकला जातो. दिवसाला तीन-चार फेऱ्या करणाऱ्या कुटुंबाला तो परवडत नाही. एकूण भाडं पासाच्या किमतीपर्यंत पोचतच नाही.

गाडीत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोट आणि मुलाच्या हातातलं बिस्किटसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. प्रवासात भुकेजलेल्या मुलाला फाटकाच्या आत शिरण्याआधीच खायला घालावं.

दोन मोठ्या बॅगा, एक आजी आणि एक पेंगुळलेलं मूल असेल तर एमआरटीचा हट्ट धरू नये. स्थानकांत लिफ्ट आहेत, रस्ते सपाट आहेत, पण सकाळी साडेसात ते साडेनऊ गाड्या कामावर जाणाऱ्यांनी भरलेल्या असतात. टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं, मीटर असतो, घासाघीस नाही. मीटरवर विमानतळाचा ६ ते ८ डॉलरचा अधिभार लागतो, कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत २५ टक्के आणि रात्री बारा ते सहा ५० टक्के. शहरापर्यंत साधारण २५ ते ४० डॉलर होतात. चौघांचा विचार करता ही रक्कम पहिल्या दिवशी सत्कारणी लागते.

ग्रॅब अ‍ॅपवरची गाडी कधी स्वस्त, कधी महाग. पण लहान मूल असणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत मुलांचं आसन सक्तीचं आहे. टॅक्सीला यातून सूट आहे, अ‍ॅपवरच्या खासगी गाडीला नाही. साधी ग्रॅब बोलावली तर चालक मूल पाहून नकार देतो, आणि तो बरोबरच असतो. मुलांच्या आसनाची गाडी वेगळी निवडावी लागते, नाहीतर सरळ रांगेतली टॅक्सी.

आठ ते तीनचं भगदाड

साडेसातला उतरलं, नऊला हॉटेलात पोचलं, आणि काउंटरवर कळतं की खोली दुपारी तीनला. सिंगापुरातल्या बहुतेक हॉटेलांची हीच वेळ आहे, काहींची दोन. खोली लवकर मिळेल का हे आदल्या रात्रीच्या गर्दीवर ठरतं, आणि ते आधी कुणीच खात्रीने सांगत नाही. बॅगा मात्र बहुतेक ठिकाणी मोफत ठेवून घेतात. बॅग देण्याआधी कपड्यांचा एक जोड, चप्पल, औषधं, चार्जर आणि छत्री छोट्या पिशवीत काढून घ्यायची. हे विमानतळाच्या शौचालयातच उरकावं, हॉटेलच्या लॉबीत बॅग उघडून बसणं अवघड होतं.

सत्तरीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर आमचा स्पष्ट सल्ला: रात्रीचं विमान घेऊच नका. दिवसा निघून संध्याकाळी पोचणारं विमान घ्या, उतरलं की खोली तयार असते. तिकिटाचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ते शक्य नसेल तर किमान एक खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी आणि सकाळी पोचणार असल्याचं हॉटेलला ईमेलने कळवावं, नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून आरक्षण रद्द होतं.

हॉटेल निवडताना तीन गोष्टी. एक, किमतीपुढे ‘प्लस प्लस’ अशी दोन चिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी चढतो: १०० डॉलरची खोली ११९.९० डॉलरला पडते. जेवणाच्या बिलांनाही हेच लागू. दोन, लिटिल इंडिया, जालान बसार, लॅव्हेंडर भागातल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या असतात. खोलीच्या वर्णनात ‘खिडकी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती नाही असंच धरावं. दोन रात्रींना चालतं, पाच रात्रींना जीव गुदमरतो. तीन, घर किंवा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नये. खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी देणं तिथे बेकायदा आहे, सरकारी एचडीबी घरांना तर ही मर्यादा सहा महिन्यांची. स्वयंपाकघर हवं असेल तर परवाना असलेलं सर्व्हिस्ड अपार्टमेंट शोधावं.

काउंटरवर अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. ती क्रेडिट कार्डावर द्यावी. फॉरेक्स कार्ड दिलं तर तेवढे डॉलर हॉटेल सोडल्यावरही काही दिवस अडकून पडतात आणि ऐन सहलीत हात आखडतो.

बॅगा ठेवल्यावरचे सहा तास बागेत किंवा संग्रहालयात घालवायची कल्पना कागदावर छान दिसते. तीन तासांची झोप आणि दमट उकाडा यांत ती टिकत नाही. विषुववृत्ताजवळचा देश आहे, जूनच्या पहिल्या पावसाआधीची मुंबई डोळ्यांपुढे आणा. त्यापेक्षा लिटिल इंडियात मुक्काम असेल तर टेक्का सेंटरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाड्यांवर, सावकाश न्याहारी करावी, किंवा सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये डोसा आणि फिल्टर कॉफी घ्यावी. हे शाकाहारी उपाहारगृह १९४७पासून चालू आहे आणि परक्या देशातल्या पहिल्या सकाळी आजीला ते फार धीर देतं. मग एसी असलेल्या मॉलमध्ये किंवा मुस्तफामध्ये राहिलेली खरेदी: अडॅप्टर, दही, फळं, मुलांचं दूध.

हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. खाऊन झालं की ताट-वाट्या स्वतः परतीच्या मांडणीत नेऊन ठेवायच्या, २०२१पासून हे बंधनकारक आहे. चहा मागताना ‘ते’ म्हणाल तर आटवलेल्या गोड दुधाचा येतो, ‘ते सी’ म्हणजे साखर आणि बिनगोड आटीव दूध, ‘ते ओ’ म्हणजे बिनदुधाचा पण साखर घातलेला. साखर कमी हवी तर पुढे ‘सिव दाय’, अजिबात नको तर ‘कोसोंग’. मधुमेहींनी हा शेवटचा शब्द लिहूनच ठेवावा. शाकाहाऱ्यांनी चिनी गाड्यावर नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नये: ऑयस्टर सॉस नको, बेलाचान म्हणजे सुकटीचं वाटण नको, अंडं नको, हे एकेक सांगावं.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे, हॉटेलच्या बेसिनचंसुद्धा. मुंबईची सवय लगेच सुटत नाही, तर खोलीतल्या किटलीत एकदा उकळून बाटल्या भराव्यात.

तीनला खोली मिळाली की दोन तासांचा गजर लावूनच आडवं व्हावं. सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे पाचला उठलं तरी उजेडात फिरायला तास-दोन तास हातात राहतात. रात्री दहाला झोप येणार नाही, घरच्या घड्याळात तेव्हा साडेसातच वाजलेले असतात. खरी अडचण दुसऱ्या सकाळी येते. तिथले सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, आणि मुलं हलत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवसाचं कोणतंही तिकीट सकाळी अकराच्या आधीचं काढू नये, आणि हॉटेलची न्याहारी किती वाजता बंद होते ते पहिल्या संध्याकाळीच विचारून घ्यावं.